पायथनचे एन्व्हायर्नमेंट दुसऱ्या मशीनवर जसेच्या तसे उभे करायचे तर

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या गटाने काटोल-नरखेड पट्ट्यातल्या संत्रा बागांचा एनडीव्हीआय (झाडांची हिरवाई मोजणारा निर्देशांक) काढणारा प्रोग्राम लिहिला आहे. चित्रे सेंटिनेल-२ उपग्रहाची, पॅकेजेस रास्टेरिओ, जिओपांडाज आणि नमपाय. उबुंटू २२.०४ च्या लॅपटॉपवर, पायथन ३.१० मध्ये तो नीट चालतो. ‘पिप फ्रीझ’ची (इन्स्टॉल असलेल्या सगळ्या पॅकेजेसची व्हर्जनसह यादी) दीडएकशे ओळींची फाइल लॅबच्या विंडोज मशीनवर नेली, तिथे पायथन ३.१३. आधी गाडी ‘पायथन-ॲप्ट’वर अडली, ती ओळ काढल्यावर जीडीएएलवर (उपग्रहचित्रे आणि नकाशे वाचणारी लायब्ररी), मग नमपाय कंपायलर मागू लागले. वैतागून एकाने फाइलमधले सगळे व्हर्जन नंबर खोडले. इन्स्टॉल झाले, पण आता जिओपांडाजमध्ये ‘डेटासेट्स’ सापडत नाही. ‘सर, आम्ही नेमके पाठवायचे तरी काय?’

तीन गोष्टी पाठवा: पायथनचे व्हर्जन सांगणारी एक ओळीची फाइल, तुम्ही हाताने लिहिलेली मोजक्या पॅकेजेसची यादी, आणि त्या यादीवरून टूलने काढलेली लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजचे नेमके व्हर्जन नोंदवणारी). एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर पाठवू नका आणि फ्रीझची फाइलही पाठवू नका. (पुढच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.)

किराण्याची यादी आणि इतवारीतल्या दुकानदाराने हातात दिलेले बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत तुम्हाला काय हवे ते असते, बिलात प्रत्यक्ष काय मिळाले ते. फ्रीझ फक्त बिल देते, आणि तेही त्या पायथनमध्ये आजवर जे जे साचले त्या सगळ्याचे. तुम्ही मोजकीच पॅकेजेस मागितली होती; बाकीच्या ओळी त्यांच्यामागून आलेल्या, नाहीतर दुसऱ्याच कामासाठी कधीतरी टाकलेल्या. कोणती ओळ कोणामुळे आली, हे त्या फाइलमधून कळत नाही. म्हणून अडचण आली की माणूस अंदाजाने ओळी खोडू लागतो.

तुमच्या चारही अडचणी यातूनच निघाल्या. ‘पायथन-ॲप्ट’ हा उबुंटूचा स्वतःचा भाग आहे. तुम्ही सिस्टीमच्या पायथनमध्येच पिप चालवल्यामुळे तो यादीत शिरला; ते व्हर्जन पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारात) नाहीच, आणि विंडोजवर त्याचे काही कामही नाही. उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिप चालवले की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा संदेश येऊन काम थांबते. पुष्कळजण तिथे ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ हा पर्याय देऊन पुढे जातात. तो पर्याय नावाप्रमाणेच वागतो. देऊ नका.

नमपायचे कारण वेगळे. तुमच्या फाइलमध्ये नमपाय १.२६.४ आहे, आणि त्याची तयार व्हील्स (आधीच कंपाइल करून ठेवलेली पॅकेजेस) पायथन ३.९ ते ३.१२ पर्यंतच आहेत. ३.१३ साठी व्हील न मिळाल्याने पिपने मूळ सोर्स उतरवला आणि तो कंपाइल करायला घेतला. लॅबच्या मशीनवर सी कंपायलर कुठून असणार? अशा वेळी ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस हवे’ किंवा ‘अननोन कंपायलर’ असे काहीतरी दिसते आणि मुले काही जीबींची बिल्ड टूल्स उतरवत बसतात. दुखणे कंपायलरचे नाही, पायथनच्या व्हर्जनचे आहे. पिपला तयार व्हीलच घ्यायला लावणारा ‘--ओन्ली-बायनरी :ऑल:’ हा पर्याय दिला, तर अशी चूक कंपाइलच्या दोनशे ओळींआड न लपता पहिल्याच ओळीत कळते.

व्हर्जन नंबर खोडल्यावर काय झाले तेही सरळ आहे. पिपने त्या दिवशीचे सर्वांत नवे जिओपांडाज आणले. जिओपांडाज १.० हे जून २०२४ मध्ये आले आणि त्यात नमुन्याचे नकाशे देणारा ‘डेटासेट्स’ हा भाग काढून टाकला. पांडाज २.० ने एप्रिल २०२३ मध्ये डेटाफ्रेमचे ‘अपेंड’ असेच काढले. शेपली २.० पासून अनेक तुकड्यांच्या आकृतीवर सरळ लूप फिरवता येत नाही, ‘जिओम्स’वर फिरवावा लागतो. इंटरनेटवरची जुनी ट्युटोरियल्स याच ठिकाणी मोडतात.

आता करायचे काय. मी युव्ही हे टूल सुचवेन. ॲस्ट्रल कंपनीने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये आणले, रस्टमध्ये लिहिलेले आहे आणि पायथनसुद्धा तेच उतरवून देते. पोएट्री किंवा पिप-टूल्स आधीपासून वापरत असाल तर बदलायची गरज नाही. तत्त्व तेच आहे. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला, आणि त्यातही एकीकडे लिनक्स, एकीकडे विंडोज असताना, युव्ही सोयीचे का, ते खाली कलरामा या पॅकेजच्या प्रसंगात दिसेल.

नवे रिकामे फोल्डर घ्या. ‘युव्ही इनिट’ चालवा, मग ‘युव्ही पायथन पिन ३.१२’. याने ‘.पायथन-व्हर्जन’ ही छोटी फाइल तयार होते. ३.१२ का? नमपाय १.२६ ची व्हील्स त्याच्यापर्यंत आहेत, आणि त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. एकच सावधगिरी: ३.१२ मधून ‘डिस्टयूटिल्स’ काढलेले आहे. एखादे जुने पॅकेज ते मागत असेल तर ३.११ घ्या. पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये (तुमची पॅकेजेसची यादी याच फाइलमध्ये असते) ‘रिक्वायर्स-पायथन’ला ‘३.१२ किंवा पुढचे, पण ३.१३ च्या आत’ अशी मर्यादा लिहा. ही मर्यादा शेवटी चालवायच्या प्रोजेक्टसाठी आहे. पायपीआयवर टाकायची लायब्ररी लिहीत असाल तर वरची मर्यादा लावू नका, कारण ती तुमच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या गळ्यात पडते.

मग ‘युव्ही ॲड रास्टेरिओ जिओपांडाज’ आणि ‘युव्ही ॲड’ करून नमपायला ‘२ पेक्षा कमी’ ही अट. अट कारण असेल तरच घाला. इथे कारण असे की जून २०२४ च्या नमपाय २.० ने सी पातळीवरची जुळणी बदलली, आणि १.x वर बांधलेली पॅकेजेस त्यावर ‘अ मॉड्यूल दॅट वॉज कंपाइल्ड युझिंग नमपाय १.x’ असा संदेश देऊन पडतात. तुमची सगळी पॅकेजेस नवी असतील तर नमपाय २ बिनधास्त चालते. तेव्हा ही अट काढून बघा आणि टेस्ट पास झाल्या तर काढलेलीच ठेवा. फक्त कोडमध्ये प्रत्यक्ष ‘इम्पोर्ट’ केलेलीच पॅकेजेस यादीत घ्या. इम्पोर्टचे नाव आणि पॅकेजचे नाव नेहमी एक नसते, हे लक्षात असू द्या: ‘सीव्ही२’साठी ओपनसीव्ही-पायथन, ‘एसकेलर्न’साठी सायकिट-लर्न, ‘पीआयएल’साठी पिलो, ‘यामल’साठी पायवायएएमएल. नाव अंदाजाने टाइप करू नका. मिळत्याजुळत्या नावाची दुष्ट पॅकेजेस पायपीआयवर पुन्हापुन्हा सापडली आहेत.

‘युव्ही ॲड’ चालले की युव्ही.लॉक तयार होते. त्यात प्रत्येक पॅकेजचे नेमके व्हर्जन आणि प्रत्येक व्हीलचा हॅश (फाइल तीच आहे ना हे तपासायचा ठसा) असतो. ती हाताने उघडून बदलायची नाही. पायप्रोजेक्ट.टॉमल, .पायथन-व्हर्जन आणि युव्ही.लॉक या तिन्ही गिटमध्ये टाका, ‘.व्हेन्व’ हे एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर गिटइग्नोरमध्ये. लॅबच्या मशीनवर रेपो उतरवून फक्त ‘युव्ही सिंक --लॉक्ड’ आणि मग ‘युव्ही रन पायथन मेन.पीवाय’. ‘--लॉक्ड’ महत्त्वाचे आहे: यादी बदलली पण लॉक नवी केली नाही, तर ते गुपचूप नवे व्हर्जन न आणता चूक दाखवून थांबते. ‘सिंक’ लॉकमध्ये नसलेली पॅकेजेस काढूनही टाकते. कुणी लॅबमध्ये परस्पर पिपने काही टाकले असेल तर ते जाणार. तक्रार आली तर येऊ द्या.

व्हेन्वचे फोल्डर झिप करून पाठवायचा मोह अनेकांना होतो. ते चालत नाही. व्हेन्वच्या आत मूळ पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो (पायव्हेन्व.सीएफजी उघडून ‘होम’ ही ओळ पाहा), शिवाय बिनमधल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर पूर्ण पाथ असतो. त्याच मशीनवर फोल्डरचे नाव बदलले तरी ‘पिप’ ही आज्ञा मोडते.

आता कलरामा. समजा तुम्ही पिप-टूल्स वापरून लिनक्सवर हॅशसह फाइल काढली. रास्टेरिओला क्लिक लागते, आणि क्लिकला कलरामा लागते, पण फक्त विंडोजवर. लिनक्सवर लॉक काढताना ती अट खोटी ठरते, म्हणून कलरामा फाइलमध्ये येतच नाही. विंडोजवर इन्स्टॉल करताना पिप म्हणते की हॅश सक्तीचे आहेत आणि कलरामाचे व्हर्जन ठरवलेले नाही. काम तिथेच थांबते. हॅश नसते तर त्या दिवशीचे कोणतेही कलरामा गुपचूप आले असते, म्हणजे चूक असूनही दिसली नसती. युव्हीची लॉक सर्व प्लॅटफॉर्मांसाठी एकत्र काढलेली असते आणि ‘हे फक्त विंडोजवर’ अशा खुणा त्यात राहतात. म्हणून दोन सिस्टीमवर काम करणाऱ्या गटाला मी ते सुचवतो. पिप-टूल्समध्येच राहायचे असेल तर प्रत्येक सिस्टीमवर वेगळी लॉक फाइल काढा आणि नावातच ‘विन’ किंवा ‘लिनक्स’ लिहा.

लॅबमध्ये इंटरनेट नसेल किंवा चाळीस मशीन एकाच वेळी पायपीआयवर तुटून पडणार असतील, तर व्हील्स पेनड्राइव्हवर न्या. लॅपटॉपवर ‘युव्ही एक्स्पोर्ट’ने रिक्वायरमेंट्स फाइल काढा, मग ‘पिप डाउनलोड’ने सगळी व्हील्स एका फोल्डरमध्ये घ्या, आणि लॅबमध्ये ‘--नो-इंडेक्स’ व ‘--फाइंड-लिंक्स’ देऊन इन्स्टॉल करा. हा डाउनलोड शक्यतो विंडोजवरच, त्याच पायथनने करा. लिनक्सवर बसून ‘--प्लॅटफॉर्म विन_एएमडी६४’ देता येते, पण पिप अटी तपासताना स्वतः चालू असलेल्या सिस्टीमच्याच तपासते. ‘विंडोजवरच’ अशी खूण असलेली ओळ ते लिनक्सवर वगळते. कलरामा परत गळते! पायथनचा इन्स्टॉलरही पेनड्राइव्हवर असू द्या, कारण युव्ही पायथन गिटहबवरून उतरवते आणि अनेक कॉलेजांच्या फायरवॉलमध्ये ते अडते. कॉलेजच्या प्रॉक्सीमुळे सर्टिफिकेटची चूक आली तर ‘ट्रस्टेड-होस्ट’ लिहून पडताळणी बंद करू नका. संस्थेचे सर्टिफिकेट सिस्टीममध्ये टाकून टूलला सिस्टीमचाच साठा वापरायला सांगा.

विंडोजच्या किरकोळ कटकटी पटकन. पॉवरशेलमध्ये ‘ॲक्टिव्हेट’ चालत नाही, स्क्रिप्ट बंद असल्याचा संदेश येतो: ॲक्टिव्हेट करायचीच गरज नाही, ‘युव्ही रन’ वापरा किंवा .व्हेन्वच्या स्क्रिप्ट्स फोल्डरातले पायथन थेट चालवा. पॉवरशेल ५.१ मध्ये बाणाच्या खुणेने फाइल लिहिली की ती यूटीएफ-१६ मध्ये जाते. गिट तिला बायनरी समजते आणि काही टूल्सना ती वाचताच येत नाही. प्रोजेक्ट वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवू नका. ज्युपिटरमध्ये उद्गारचिन्ह लावून पिप चालवले की पॅकेज दुसऱ्याच पायथनमध्ये जाऊ शकते. टक्क्याची खूण लावून ‘पिप’ लिहा, आणि शंका आली की ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापून पाहा. ‘इन्स्टॉल केले तरी मॉड्यूल सापडत नाही’ या तक्रारीत बहुतेकदा तिथे वेगळाच पत्ता निघतो.

जीडीएएलवर थोडे थांबावे लागेल. या शहरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारी माणसे इथे बरीच, आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येकाला जीडीएएलने कधी ना कधी रडवलेले असते. पायपीआयवरचे ‘जीडीएएल’ हे पॅकेज फक्त सोर्सच्या रूपात मिळते. ते बांधायला सिस्टीममध्ये जीडीएएलची सी लायब्ररी आधीपासून हवी आणि तिचे व्हर्जन पॅकेजशी जुळायला हवे. उबुंटू २२.०४ मध्ये ३.४.१ आहे, तुमच्या फ्रीझमध्ये तेच आले, आणि विंडोजवर लायब्ररीच नाही. पण तुमच्या कोडमध्ये ‘ओएसजिओ’ (जीडीएएलचे इम्पोर्टचे नाव) थेट इम्पोर्ट होत नसेल तर हे पॅकेज तुम्हाला नकोच आहे. रास्टेरिओ आणि पायओजीआरआयओ (जिओपांडाज फाइल वाचायला हे वापरते) यांच्या व्हील्समध्ये जीडीएएल आधीच भरलेले असते.

त्यातून दुसरा गोंधळ निघतो. लॅबच्या मशीनवर कुणी पोस्टजीआयएस (नकाशांचा डेटाबेस) टाकले असेल, तर त्याच्या इन्स्टॉलरने ‘प्रोज_लिब’ हे व्हेरिएबल पूर्ण सिस्टीमसाठी लावलेले असू शकते. प्रोज ही निर्देशांकांचे रूपांतर करणारी लायब्ररी. मग रास्टेरिओ स्वतःची प्रोज.डीबी सोडून ती जुनी उघडते आणि ‘इट कम्स फ्रॉम अनदर प्रोज इन्स्टॉलेशन’ असे म्हणते, किंवा ईपीएसजी कोड (निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) ओळखतच नाही. पॅकेज दहादा काढून घातले तरी हे जात नाही, कारण बिघाड एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर आहे. त्या टर्मिनलपुरते ‘प्रोज_लिब’, ‘प्रोज_डेटा’ आणि ‘जीडीएएल_डेटा’ रिकामे करा आणि परत चालवा. कोणतीही लॉक फाइल या जागेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून रीडमीमध्ये हे लिहून ठेवा.

कोंडा (पायथनबाहेरच्या लायब्रऱ्याही टाकणारे पॅकेज टूल) कधी? मोडिस या उपग्रह सेन्सरच्या एचडीएफ४ फाइल्स वाचायच्या आहेत, जीडीएएलच्या कमांड लाइन आज्ञा हव्या आहेत, किंवा त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये आर भाषाही लागते, तेव्हा. तेव्हा मिनीफोर्ज आणि कोंडा-फोर्ज चॅनेल घ्या. ॲनाकोंडाच्या मुख्य चॅनेलच्या अटींनुसार २०० पेक्षा जास्त माणसे असलेल्या संस्थांना शुल्क लागू शकते. शिक्षणासाठी सवलती आहेत, पण त्या आधी वाचाव्यात. ‘कोंडा एन्व्ह एक्स्पोर्ट’ नुसते चालवले की त्यात लिनक्सपुरते बिल्ड येतात आणि विंडोजवर ‘रिझॉल्व्ह पॅकेज नॉट फाउंड’ मिळते. ‘--फ्रॉम-हिस्टरी’ दिले की तुम्ही मागितलेलीच पॅकेजेस येतात, पण पिपने टाकलेली गळतात. दोन्ही टोके सांभाळायची तर यादी हाताने लिहा आणि कोंडा-लॉकने प्रत्येक प्लॅटफॉर्मची लॉक काढा. कोंडाची सगळी पॅकेजेस आधी, पिपची शेवटी. पिपनंतर परत कोंडाने काही टाकले की एकमेकांच्या फाइल्स पुसल्या जातात.

डॉकर (प्रोग्राम आणि त्याला लागणारी सिस्टीम एकाच इमेजमध्ये बांधणारे टूल) लॅबसाठी सुचवणार नाही. विंडोजवर त्याला डब्ल्यूएसएल २, बायोसमधले व्हर्च्युअलायझेशन आणि ॲडमिनचे अधिकार लागतात, आणि हे तिन्ही लॅबच्या मशीनवर एकाच वेळी मिळाले तर नवल. सर्व्हरवर मात्र तेच योग्य. तिथे ‘पायथन:३.१२-स्लिम’ हा टॅग आज एक आणि दोन महिन्यांनी वेगळीच इमेज देतो, म्हणून डायजेस्टने (इमेजच्या हॅशने) पिन करा. अल्पाइन लिनक्सची इमेज टाळा: त्यात ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी आहे, लिनक्सची नेहमीची (मेनीलिनक्स) व्हील्स लागत नाहीत.

पाठवण्यापूर्वीची तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि नेमकी तीच कुणी करत नाही. रेपो वेगळ्या फोल्डरात नव्याने उतरवा, ‘युव्ही सिंक --लॉक्ड’ करा, आणि एक छोटी टेस्ट चालवा. टेस्टमध्ये नागपूरचा एक बिंदू, रेखांश ७९.०९ आणि अक्षांश २१.१५, ईपीएसजी ४३२६ वरून ३२६४४ मध्ये बदला. पूर्वेकडचा आकडा सुमारे ३ लाख २ हजार मीटर आणि उत्तरेकडचा सुमारे २३ लाख ४० हजार मीटर यायला हवा. भलतेच आकडे आले तर अक्षांश-रेखांश उलटे गेले आहेत. पायप्रोजमध्ये ‘ऑल्वेज_एक्सवाय’ खरे ठेवा. प्रोज.डीबीचा गोंधळ असेल तर तोही इथेच पकडला जातो. (३२६४४ म्हणजे यूटीएम या मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीचा ४४ वा झोन. काटोल-नरखेड त्यात बसते, पण काम अमरावती शहराकडे सरकले तर ७८ अंश रेखांश ओलांडला जातो, तिथे ४३ वा झोन, म्हणजे ३२६४३.) एनडीव्हीआयची तुलना करताना दोन मशीनचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे असावेत असा हट्ट नको, नमपायच्या ‘असर्ट_ऑलक्लोज’मध्ये योग्य फरक मुभा म्हणून द्या.

आणि एन्व्हायर्नमेंट तंतोतंत जुळूनही उत्तर वेगळे येत असेल तर डेटाकडे पाहा. सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेचे व्हर्जन २५ जानेवारी २०२२ पासून ०४.०० झाले आणि पिक्सेलच्या आकड्यात १००० ची भर पडली. ती वजा करायची असते. एनआयआर (अवरक्त पट्टा) ३००० आणि लाल ५०० असेल तर एनडीव्हीआय ०.७१ येतो, भर वजा न करता ४००० आणि १५०० घेतले तर ०.४५. निरोगी बाग कागदावर सुकलेली दिसते, आणि दोष पॅकेजला जातो. चित्राचे पूर्ण नाव, त्यातल्या बेसलाइनच्या (प्रक्रियेच्या व्हर्जनच्या) आकड्यासह, रेपोमध्येच लिहून ठेवा.

पुढे पॅकेज बदलायची वेळ आली तर एका वेळी एकच बदला: ‘युव्ही लॉक --अपग्रेड-पॅकेज जिओपांडाज’, मग टेस्ट, मग कमिट. कोणामुळे काय आले ते पाहायला ‘युव्ही ट्री --इन्व्हर्ट --पॅकेज नमपाय’. दोघांनी एकाच वेळी पॅकेज टाकून युव्ही.लॉकमध्ये कॉन्फ्लिक्ट आला तर ओळी हाताने जुळवत बसू नका, पायप्रोजेक्ट.टॉमलमधला कॉन्फ्लिक्ट सोडवा, लॉकची एक बाजू ठेवा आणि ‘युव्ही लॉक’ परत चालवा.

मागच्या बॅचच्या सीनियरने दिलेल्या प्रोजेक्टमध्ये व्हर्जनच नसतील, तर त्याच्या शेवटच्या कमिटची तारीख गिटमधून काढा आणि ‘युव्ही पिप कंपाइल’ला ‘--एक्सक्लूड-न्यूअर’ देऊन ती तारीख सांगा. त्या तारखेनंतर पायपीआयवर आलेले काहीच मग विचारात घेतले जात नाही. पायथनही त्या काळातलेच घ्या: २०२२ च्या मे महिन्यातल्या प्रोजेक्टला ३.९ किंवा ३.१०, कारण तेव्हाच्या पॅकेजेसची ३.१२ साठीची व्हील्स तेव्हा निघालेलीच नव्हती.